ग्रीसला जाताना: अथेन्स, नाक्सोस, क्रीट आणि मधला वारा

ग्रीसचा बेत आखायला बसलात की हॉटेलं आणि फोटो बाजूला ठेवा, आधी बोटींची वेळापत्रकं उघडा. अथेन्स कुठे पळून जात नाही. पण कुठल्या बेटावरून कुठल्या बेटाला थेट बोट आहे, ती रोज असते की आठवड्यातून एखाद-दोनदा, मोसम संपला की ती बंद होते का, यावर सगळी सहल उभी राहते. त्यात बोट कागदावर आहे म्हणजे सुटेलच असंही नाही. एजियन समुद्रात शेवटी वाऱ्याचं चालतं.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि माझी आई. आई सत्तरीला टेकलेली, चालायला खमकी, पण जिना उतरताना गुडघे कुरकुरणारी, आणि अंडंही न खाणारी. त्यामुळे बेत आखताना तीन गोष्टी आधीच ठरल्या. ऊन कमी हवं, रोज बॅगा उचलणं नको आणि जेवणाची आबाळ नको. गौरी-गणपती आटोपून सप्टेंबर २०२५ मध्ये निघालो ते या पहिल्या कारणासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सचा पारा चाळिशी गाठतो, आणि उष्णतेची लाट आली की अक्रॉपोलिस, म्हणजे शहरातल्या टेकडीवरचा प्राचीन देवळांचा गड, भर दुपारी चार-पाच तास बंद ठेवतात. त्यातून १५ ऑगस्ट हा तिथला मोठा सण, मेरीमातेचा. त्या आठवड्यात सगळा ग्रीस आपापल्या गावी आणि बेटांवर निघालेला असतो, बोटीत जागा मिळत नाही. उलट नोव्हेंबर ते मार्च लहान बेटांवरची बरीचशी हॉटेलं कुलूप लावून मोकळी होतात. मे-जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, हे दिवस चांगले.

बेटांच्या बाबतीत मात्र घरात वाद झाला. नवऱ्याच्या यादीत सहा बेटं होती. मी म्हटलं, आठ-दहा दिवसांत दोन पुष्कळ. प्रत्येक बेट बदलताना अर्धा दिवस बंदरात आणि बोटीत जातो, आणि बेटं जितकी जास्त तितकी एखादी बोट रद्द होऊन पुढची सगळी उतरंड कोसळण्याची शक्यता जास्त. शेवटी अथेन्स, नाक्सोस आणि क्रीट ठरलं. सँटोरिनी वगळलं म्हणून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण निळा घुमट आणि पांढऱ्या पायऱ्या यांच्यापुढे रांग लावून फोटो काढायचा, तोही आईच्या गुडघ्यांना त्या पायऱ्यांवर चढवून, याला काही अर्थ वाटेना.

व्हिसाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही, चिकाटी लागते. अर्ज शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा. ज्या देशात सगळ्यांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड जातं, म्हणून तारीख आधी पकडावी आणि कागद मागाहून जमवावेत. शुल्क मोठ्यांना ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टवर दोन कोरी पानं आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिन्यांची मुदत हवी. आईचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे पेन्शन. तिच्या फाइलला पेन्शनचं बँक स्टेटमेंट, खर्च आम्ही करणार असल्याचं माझं पत्र आणि आमचं नातं दाखवणारा कागद जोडला. बोटींची आरक्षणंही जोडली. नाक्सोसहून क्रीटला आम्ही कसे जाणार हे विमानाच्या तिकिटांवरून कळणार नव्हतं.

केंद्रात खरा वेळ गेला तो आईच्या बोटांच्या ठशांना. वर्षानुवर्षं भांडी-धुण्यात झिजलेली बोटं, यंत्रावर काही उमटेना. खिडकीपलीकडच्या मुलीनं ओला टिश्यू पुढे केला. "काकू, बोट पुसा आणि जरा दाबून धरा. घाई नाही." चौथ्या बोटाला आई म्हणाली, "अगं, आधार कार्डालाही असंच झालं होतं." वयस्कर माणसांना नेत असाल तर आदल्या रात्री हाताला क्रीम चोळून ठेवा, आणि अपॉइंटमेंट सकाळची घ्या.

आम्ही परतल्यावर, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, युरोपच्या सीमेवर पासपोर्टच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. म्हणजे आता विमानतळावरही तेच बोटांचं प्रकरण आलं. वाटेत दुसऱ्या शेंगेन देशातल्या विमानतळावर विमान बदलणार असाल तर ही नोंद तिथंच होते. तेव्हा दोन विमानांमध्ये सैल वेळ ठेवा.

अथेन्सच्या विमानतळावरून शहरात यायला मेट्रोची निळी, म्हणजे तीन नंबरची लाइन आहे. तिकीट ९ युरो, साधारण ४० मिनिटांत सिंटाग्मा चौक. एक्स-९५ नंबरची बस त्याच चौकात येते, साडेपाच युरोंत, आणि रात्रभर चालू असते. तिघं आणि सामान असेल तर टॅक्सीही परवडते. शहराच्या मध्यभागापर्यंत तिचा दर ठरलेला आहे, दिवसा ४० युरो, मध्यरात्री ते पहाटे ५ पर्यंत ५५. बसण्याआधी आकडा तोंडानं वदवून घ्यावा. मेट्रोत, विशेषतः मोनास्तिराकी आणि ओमोनियाच्या आसपास, पाकीटमार आहेत. दारात उगाच गर्दी करणारं टोळकं दिसलं की पिशवी पोटाशी घ्यावी. दादर स्टेशन ज्यानं पार केलंय त्याला हे शिकवायला नको.

हॉटेल निवडताना आम्ही एकच अट घातली होती, लिफ्ट. जुन्या भागात, प्लाकात, सुंदर घरांतून खोल्या मिळतात, पण त्यांचे जिने अरुंद आणि गोल. आम्ही अक्रॉपोलिस मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहिलो. खोली घेताना जो दर दिसतो त्यावर एक सरकारी आकार वेगळा द्यावा लागतो, हवामान संकटासाठीचा. एप्रिल ते ऑक्टोबर दर खोलीमागे दर रात्री, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे २ ते १५ युरो. तो तिथंच मागतात, म्हणून हिशेबात धरून ठेवा. आणि न्हाणीघरात गेल्यावर दिसेल ती पाटी गंभीरपणे घ्या: टॉयलेट पेपर भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. तिथले सांडपाण्याचे पाइप अरुंद आहेत, तुंबतात. चांगल्या हॉटेलातही हेच. आपला जेट स्प्रे कुठेच नाही. आईनं घरून प्लॅस्टिकचा तांब्या आणला होता, त्यावर मी विमानतळावर हसले होते. पहिल्याच दिवशी तो सार्वजनिक मालमत्ता झाला.

अक्रॉपोलिसचं तिकीट सरकारी संकेतस्थळावरच काढा, वेळ ठरवून. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे, आणि सकाळच्या वेळा आधी भरतात. एप्रिल २०२५ पासून तिकीट ३० युरो झालंय, आणि सात ठिकाणांचं मिळून जे एकत्र तिकीट मिळायचं ते बंद झालंय. जुन्या लेखांतून ते घ्या म्हणून सल्ला अजून सापडतो, त्यात वेळ घालवू नका. आम्ही सकाळी ८ ची वेळ घेतली. मुख्य दरवाजा पश्चिमेला, तिथं बसगाड्या भरून लोक येतात. आग्नेयेकडचा दरवाजा संग्रहालयाजवळ आहे, तो शांत. शिवाय तिकडून चढलं की वाटेत डायोनिससचं नाट्यगृह लागतं, आणि चढ टप्प्याटप्प्यानं होतो. आईला दोनदा दगडावर बसून दम घेता आला, आणि मागून कोणी ढकललं नाही. चालताच येत नसेल त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, पण त्याची आधी चौकशी करून ठेवावी.

चपलांचं मात्र आवर्जून सांगते. वरच्या वाटेवरचा संगमरवर कोट्यवधी पावलांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की कोरड्या उन्हातही पाय सटकतो. रबरी तळाचे, पकड असलेले बूट हवेत. कोल्हापुरी घालून फोटो काढायची हौस असेल तर ती खाली गावात भागवा.

पार्थेनॉन, म्हणजे वरचं अथीना देवीचं देऊळ, इ.स.पूर्व ४४७ मध्ये बांधायला घेतलं. मग ते चर्च झालं, मशीद झाली, आणि तुर्कांनी त्याचं दारूकोठार केलं असताना १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडला. आपण आज जे बघतो ते त्या स्फोटातून उरलेलं आणि गेली कित्येक वर्षं दगड दगड जुळवून उभं केलेलं. क्रेन आणि परांची दिसणारच, त्यांचा राग करू नये. मला तिथं उगाच कार्ल्याची आठवण आली. कार्ल्याच्या चैत्यात काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. हे यवन नेमके कुठले, ग्रीक की आणखी कोणी, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ज्यांचं नाव आपण ग्रीकांवरून घेतलं त्या लोकांनी मावळात दगडी खांबासाठी पैसे मोजले, हे मला अथेन्सच्या खांबांखाली उभं राहून जास्त खरं वाटलं.

खालचं अक्रॉपोलिस संग्रहालय त्याच दिवशी दुपारी केलं, बाहेर ऊन आणि आत एसी. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत खोदकामात सापडलेल्या जुन्या वस्तीवर उभी आहे, आणि काचेच्या फरशीखाली ती वस्ती दिसते. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची शिल्पपट्टी मूळ मांडणीत लावलीय. ब्रिटिश वकील लॉर्ड एल्गिननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उचलून नेलेले तुकडे लंडनला आहेत, त्यांच्या जागी पांढरेफटक प्लास्टरचे ठसे. मूळ दगड मधाच्या रंगाचा आणि ठसा चुन्यासारखा, त्यामुळे काय गेलं ते आठ-दहा पावलांवरून कळतं. पाटी वाचायची गरज पडत नाही.

आता जेवण. शाकाहारी माणसाला ग्रीसची धास्ती वाटते ती गायरो आणि सुवलाकी या मांसाच्या पदार्थांच्या फोटोंमुळे. प्रत्यक्षात आईनं या सहलीत जितकं पोटभर खाल्लं तितकं आम्ही दोघांनीही नाही. कारण असं, की ऑर्थोडॉक्स पंथात उपवासाचे दिवस भरपूर, आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज काही चालत नाही. म्हणून शेकडो वर्षांत बिनमांसाचा, बिनदुधाचा मोठा स्वयंपाक तयार झालाय. त्याला निस्तीसिमा म्हणतात. मेन्यूत हा शब्द असेल तर तिथं बोट ठेवायचं. पण एक सावधगिरी: त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकुल आणि ऑक्टोपस चालतात, कारण त्यांत लाल रक्त नाही असं मानतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती साबुदाण्याची बाजू घेऊन बराच वेळ बोलत होती. तर निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरू नका. "होरिस क्रेआस, होरिस प्सारी", मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही सांगा, आणि समुद्रातलं काहीच नको हेही.

आईच्या पसंतीचे पदार्थ असे. फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. गिगांतेस, टोमॅटोत भट्टीत भाजलेले मोठे पांढरे वाल. ब्रियाम, वांगी-बटाटा-दुधी-काकडीच्या कुळातल्या भाज्यांची तेलात शिजलेली मिश्र भाजी. आणि व्लिता, उकडलेला पाला, लिंबू पिळून. व्लिता म्हणजे माठाच्या कुळातली भाजी, आईनं पहिल्या घासाला ओळखली. भरल्या टोमॅटो-मिरच्या सगळीकडे मिळतात, पण त्यांत कधी भात तर कधी खिमा असतो, विचारून घ्या. चीजमध्ये परंपरेनं जनावरांच्या जठरातलं रेनेट वापरतात. आईनं ते ऐकून फेटा चीज सोडलं, सॅलड फेट्याशिवाय मागितलं, आणि वाढप्यानं तिच्याकडे जरा दयेनं पाहिलं. जेवणाच्या वेळा उशिरा. संध्याकाळी सात वाजता रेस्टॉरंटात गेलात तर तुम्ही आणि दुसरे पर्यटकच. आम्हाला ते सोयीचं पडलं.

ताटाबरोबर ब्रेड येतो, तो फुकट नसतो, बिलात माणशी थोडे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत द्या. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते की पावती मिळाली नाही तर गिऱ्हाईकानं पैसे देण्याचं बंधन नाही. करचुकवेगिरी थांबवण्यासाठीचा तो नियम. एका ठिकाणी वाढपी वहीच्या कागदावर आकडा लिहून घेऊन आला, तेव्हा नवऱ्यानं त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. पावती आली, आणि रक्कम दोन युरोंनी कमी झाली. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिता येतं. लहान बेटांवर बाटलीच घ्यावी, तीही रस्त्यावरच्या टपरीवरून. त्या टपरीला पेरिप्तेरो म्हणतात, आणि अर्ध्या लिटरची बाटली तिथं अर्ध्या युरोला मिळते. उपाहारगृहात बसून मागाल तर जास्त.

आता मूळ मुद्द्यावर येते, बोटी. पिरेअस हे अथेन्सचं बंदर. निळी मेट्रो २०२२ पासून थेट तिथवर जाते. पण पिरेअस म्हणजे एक धक्का नव्हे. ई-१ ते ई-१२ असे बारा दरवाजे आहेत, अर्धवर्तुळात पसरलेले, आणि चुकीच्या टोकाला उतरलात तर सामान ओढत भरपूर चालणं. तिकिटावर बोटीचं नाव असतं. दरवाजा आदल्या दिवशीच्या संदेशात येतो किंवा बोट कंपनीच्या काउंटरवर विचारायचा. बंदराच्या आत फुकट बस फिरते. सकाळच्या बोटीसाठी तासभर आधी पोहोचावं. ग्रीक माणूस बाकी सगळीकडे सैल असेल, पण बोट घड्याळाच्या काट्यावर सुटते.

बोटी दोन जातीच्या. एक मोठी, सात-आठ मजली, पोटात ट्रक-गाड्या घेणारी, नाक्सोसला पाचेक तास घेते. दुसरी वेगवान कॅटॅमरान, साडेतीन तासांत पोहोचवते, तिकीट बरंच महाग. वेगवान बोटीत बहुतेक वेळा बाहेर उभं राहायला जागा नसते, विमानासारखं खुर्चीत बसून राहायचं, आणि समुद्र खवळला की तीच आधी हलते आणि तीच आधी रद्द होते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मोठी बोट घ्या. डेकवर हवा, आत कॅफे, उठून फिरायला जागा, आणि हेलकावे कमी. शेवटच्या टोकाला मागच्या डेकवर सगळे सिगारेट ओढणारे जमतात, तेवढी जागा टाळा.

चढताना मागचा भलामोठा रॅम्प खाली पडतो आणि ट्रक, मोटारसायकली, माणसं एकदमच आत शिरतात. आत शिरल्याबरोबर दोन्ही बाजूंना रॅक असतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली. आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग टाकायची, पासपोर्ट, औषधं आणि पैसे अंगावर ठेवायचे, आणि सरकत्या जिन्यानं वर जायचं. उतरण्याची तऱ्हा अजून न्यारी. बेट यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घोषणा होते, ग्रीकमधून आणि इंग्रजीतून. सगळे परत गाड्यांच्या तळात जमतात, डिझेलचा वास, अंधार, साखळ्यांचा खडखडाट. बोट अजून मागे सरकत असतानाच रॅम्प उतरायला लागतो, उजेडाची फट रुंदावते, आणि कोणीतरी खलाशी हात हलवून ओरडतो, चला चला. थांबा जेमतेम काही मिनिटांचा असतो. आईचा हात नवऱ्यानं, दोन बॅगा मी, असं कामाचं वाटप आम्ही वरच करून ठेवलं होतं.

नाक्सोस आम्हाला सगळ्यांत आवडलं. बेट मोठं, आत शेती, बटाटे आणि चीज यांसाठी ग्रीसमध्ये प्रसिद्ध, त्यामुळे ते नुसतं पर्यटकांवर जगत नाही आणि दरही आटोक्यात राहतात. बंदराशेजारीच अपोलोच्या न पुऱ्या झालेल्या देवळाची संगमरवरी चौकट उभी आहे, पोर्तारा. तिथं जायला एक दगडी बांध ओलांडावा लागतो. पहिल्या संध्याकाळी तो कोरडा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लाटा त्यावरून येऊन माणसांना भिजवत होत्या.

आमच्या खोल्यांची मालकीणबाई संध्याकाळी अंगणातल्या खुर्च्या आत घेताना म्हणाली, "उद्या सात बोफोर." वाऱ्याचा जोर मोजायचं ते बोफोर्ट प्रमाण, तिथं भाजीवालीसुद्धा त्या आकड्यांत बोलते. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी जुलै-ऑगस्टमध्ये ऐन भरात असतो, आणि सप्टेंबरातही मधूनच उसळी मारतो. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदर अधिकारी बोटींना बंदी घालतात. मोठ्या बोटींची मर्यादा जास्त, वेगवान बोटींची कमी. रात्री नऊच्या सुमारास फोनवर संदेश आला, क्रीटची आमची बोट रद्द. नाक्सोसहून क्रीटला जाणारी ती वेगवानच होती. तिला पर्याय नव्हता.

काय करायचं ते क्रमानं सांगते. सकाळी उठून सगळ्यांत आधी धक्क्यावरच्या तिकीट एजन्सीत जायचं, फोनवर वाट बघत बसायचं नाही. हवामानामुळे बोट रद्द झाली तर पूर्ण पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यांतलं एक तुम्ही निवडायचं. रांगेत आमच्या पुढे चौदा-पंधरा जण होते. काही जणांनी पैसे परत घेऊन पिरेअसची मोठी बोट पकडली. ती चालू होती, आणि तिथून रात्रीची क्रीटची बोट. लांबचा पण खात्रीचा मार्ग, दुसऱ्या दिवशी विमान असेल तर तोच घ्यावा. आमच्याकडे दिवस शिल्लक होता, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या बोटीत जागा घेतली. क्रीटमधल्या हेराक्लिओन शहरातल्या हॉटेलला फोन केला, मोफत रद्द करायची मुदत टळून गेली होती. पलीकडचा माणूस म्हणाला, "वारा ना? मग उद्या या." एक रात्र पुढे सरकवली, पैसे मागितले नाहीत. बेटांवरच्या लोकांना हे नित्याचं आहे, फक्त कळवायला हवं, न सांगता गैरहजर राहू नये.

या साखळीत आम्हाला तारून नेलं ते एकाच गोष्टीनं. परतीच्या विमानाआधीची रात्र बेटावर नव्हती, अथेन्समध्ये होती, आणि मधे एक दिवस रिकामा होता. हा रिकामा दिवस बेत आखताना फुकट वाटतो. संपाच्या वेळीही तोच उपयोगी पडतो. बोटींचे, मेट्रोचे संप ग्रीसमध्ये अधूनमधून होतात, आणि बहुधा दोन-तीन दिवस आधी जाहीर होतात.

मिळालेल्या दिवशी आम्ही बस पकडून आतल्या गावांत गेलो. बसचं तिकीट आधी बंदराजवळच्या कार्यालयात काढायचं. हाल्कीत उतरलो, मग आपिरांथोसला, जिथं गल्ल्याच संगमरवरानं फरसबंद आहेत. दुपारी तीन ते साडेपाच या वेळात गावं चिडीचूप असतात, दुकानं बंद, मोठ्यानं बोलणंही बरं दिसत नाही. आई एका चर्चच्या ओट्यावर आडवी झाली आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं न बोलता तिच्या उशाला पोतं आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली, पण समुद्र निवला नव्हता. निघण्याच्या तासभर आधी ॲव्होमिनची गोळी घेतली, ती आपल्या डॉक्टरांना विचारून घरूनच आणलेली बरी. खिशात आलेपाकाच्या वड्या होत्या. मधल्या, खालच्या मजल्यावरच्या खुर्च्या कमी हलतात. वाटेत सँटोरिनीला बोट थांबली. मिठानं पांढुरक्या झालेल्या काचेतून तो उभा काळा-तांबडा कडा आणि वर पांढरी रेघ दिसली. नवऱ्यानं फोटो काढला, सँटोरिनी झालं.

क्रीटविषयी कमी सांगते, कारण ते बेट मुळात आठवड्याचं आहे, आणि वाऱ्यानं एक दिवस खाल्ल्यावर तिथलं हानिया शहर राहूनच गेलं. हेराक्लिओन दिसायला साधं, पण क्नोसोसचा प्राचीन राजवाडा तिथून पाच किलोमीटरवर, दोन नंबरच्या बसनं. आर्थर इव्हान्सनं १९०० पासून तिथं उत्खनन केलं आणि राजवाड्याचे काही भाग काँक्रीटमध्ये पुन्हा उभारून लाल खांब रंगवले. अभ्यासक त्यावर अजून नाकं मुरडतात. मला विचाराल तर आधी शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा, मग क्नोसोस. बैलावरून कोलांटी मारणाऱ्याचं मूळ भित्तिचित्र आणि अजून न उलगडलेल्या लिपीची फाइस्टोसची मातीची चकती संग्रहालयात आहे. ते डोक्यात असलं की उघड्यावरचे चौथरे बोलायला लागतात. उलट क्रमानं गेलात तर उन्हात नुसत्या भिंती. क्रीटमध्ये जेवण झाल्यावर न मागता फळं आणि राकी या दारूची छोटी बाटली येते, ती घरची भेट. राकी नको असेल तर हात छातीवर ठेवून नम्रपणे नाही म्हणा, द्राक्षं घ्या.

परतीला हेराक्लिओन-पिरेअस रात्रीची बोट घेतली. नऊच्या सुमारास सुटते, पहाटे पोहोचते, हॉटेलची एक रात्र वाचते. खुर्चीचं तिकीट स्वस्त, पण आई बरोबर होती म्हणून केबिन. चार बंक, स्वतःचं न्हाणीघर, गरम पाणी. तो शेवटचा दिवस अथेन्समध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेला. बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये बाहेर निघालेलं अँटिकिथिराचं दातेरी चाकांचं यंत्र तिथं आहे, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रहणांचा हिशेब करणारं. आकारानं जाडजूड पुस्तकाएवढं. नवरा त्या काचेपुढून हलेना.

खरेदीला अथिनास रस्त्यावरच्या बाजारात गेलो. मांसाच्या बाजूचा वास आईला सोसवेना, म्हणून ती समोरच्या मसाल्यांच्या दुकानांत रमली. ऑलिव्ह तेल काचेच्या बाटलीत घेऊ नका, पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चिकटपट्टी लावा, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. मधाचंही तसंच. विमानतळावर बॅग मोजताना आमची दीड किलो जास्त भरली, तेव्हा आईनं बूट बदलून जड जोडी पायात घातली आणि तेलाचा डबा वाचवला.